गुडघा आधी, आकृती नंतर

चेतासंस्था शिकवताना मी फळ्याकडे वळण्याआधी मुलांना टेबलावर बसवते. पाय अधांतरी लोंबकळायला हवेत. जमिनीला टेकले तर काहीच दिसत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चाचपा, चिवट पट्टा लागेल. ती कंडरा, स्नायूला हाडाशी जोडणारी. तिच्यावर तळहाताच्या कडेने हलकी, झटकन थाप द्या. (गुडघा दुखरा असेल तर हा प्रयोग नकोच.)

थापेने मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. संवेदी चेतापेशी ती खबर पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत नेते आणि थेट प्रेरक, म्हणजे स्नायूला हुकूम देणाऱ्या, चेतापेशीला देते. स्नायू आकसतो, पाय उडतो. त्याच वेळी मांडीमागचा स्नायू सैल पडावा म्हणून मधली एक चेतापेशी त्याच्या प्रेरक पेशीला थोपवते. मला हे सगळ्यात सुंदर वाटतं! मेंदूला कळतं ते नंतर.

पाय हलला नाही? दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगा आणि तेवढ्यात थाप द्या. हंगेरीचे डॉक्टर एर्नो येंड्रासिक यांची ही युक्ती बहुधा चालते.

मग मेंदूची पाळी. मोजपट्टी उभी धरून सोडा, मुलाला पाहून पकडू द्या; इथे खबर मेंदूपर्यंत जावी लागते. पकडेपर्यंत 20 सेंटिमीटर घसरली तर सुमारे 0.2 सेकंद गेले.