बुद्धिबळात ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) पाठ असूनही सहाव्या चालीत मात का बसते?

कॅरो-कान ही काळ्याची ओपनिंग शिकायला घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी एका शाळकरी पोराकडून सहाव्या चालीत मात खाल्ली. मी काळ्याकडून. (खाली अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर; मोहऱ्याचं नाव नसेल तिथे प्यादं समजा.) ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, मग ई४ वर मारामारी होऊन त्याचा घोडा मध्यावर आणि माझा डी७ वर. इथवर सगळं पाठ होतं. पाचव्या चालीला त्याने वजीर ई२ वर ठेवला. स्वतःच्याच उंटाची वाट अडवतोय, म्हणून मी मनात हसलो आणि वहीतली पुढची चाल खेळलो: दुसरा घोडा एफ६. त्याने घोडा डी६ वर ठेवला आणि घड्याळ दाबलं.

मात. ई७ च्या प्याद्याने तो घोडा मारता येत नाही, कारण प्यादं हललं की राजा थेट वजिराच्या तोंडी. आणि राजाला सरकायला जागा नाही, चहूबाजूंनी माझीच मोहरी! घोडा एफ६ ही चाल मुळात वाईट नाही. पांढऱ्याने घोडा एफ३ किंवा उंट सी४ खेळला असता तर तीच नेहमीची चाल. वजीर ई२ आल्यावर मात्र ई६ खेळायचं, नाहीतर डी७ चाच घोडा एफ६ वर न्यायचा.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपण आपल्या चाली पाठ करतो, समोरच्याच्या चाली बघतच नाही. यावर मी वहीत दोन रकाने केले. एकात चाल, दुसऱ्यात ‘ही कशासाठी’. दुसऱ्या रकान्यात काही सुचलं नाही तर पुढची चाल लिहायची नाही. पहिल्या आठवड्यात अर्धी वही कोरी राहिली, लाज वाटली, पण काय येत नाही ते तरी कळलं.

नियम घोकणाऱ्यांचीही गत तीच. इटालियन या ओपनिंगमध्ये, म्हणजे पांढऱ्याचा उंट सी४ वर असताना, काळ्याने तिसऱ्या चालीला घोडा एफ६ काढला की पांढरा घोडा जी५ वर उडी मारून एफ७ वर डोळा ठेवतो. काळा डी५ करतो, पांढरा ते प्यादं मारतो. आता हात आपोआप घोड्याने डी५ मारायला जातो. मारलंत तर पांढरा एफ७ वर घोड्याचा बळी देतो. राजाने तो घेतला की वजीर एफ३ वर शह देतो, आणि डी५ चा घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, भर पटात उभं राहावं लागतं. म्हणून पाचव्या चालीला काळ्याचा दुसरा घोडा ए५ वर. ‘काठावरचा घोडा वाईट’ हे शिकलेल्या मुलांना ही चाल पटत नाही. पण तो घोडा सी४ च्या उंटावर हल्ला करतो, उंटाला हलायला लावतो आणि एका प्याद्याच्या मोबदल्यात काळ्याची मोहरी भराभर बाहेर येतात. हे समजलं की चाल वेगळी पाठ करावी लागत नाही.

लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरचा ओपनिंग एक्सप्लोरर (कुठल्या स्थितीत लोक काय खेळले ते दाखवणारी सोय) चांगलाच आहे, फक्त तिथे मास्टर्सचा डेटाबेस उघडून बसू नका. तुमच्यासमोर ग्रँडमास्टर बसणार नाहीये. ‘लिचेस’ डेटाबेसमध्ये जाऊन स्वतःच्या रेटिंगचा फिल्टर लावा. आपल्या पातळीवर लोक खरोखर काय खेळतात ते दिसेल, आणि त्यात पुस्तकात नसलेल्या चालीच जास्त असतील.

‘ओपनिंगमुळे हरलो’ म्हणून दर पंधरा दिवसांनी ओपनिंग बदलणारे तर प्रत्येक क्लबात सापडतात. आज लंडन, उद्या सिसिलियन. आधी डाव नीट तपासा. दहाव्या चालीला इंजिन (डाव तपासणारा कम्प्युटर प्रोग्राम) अर्ध्या प्याद्याचा फरक दाखवत असेल आणि अठ्ठाविसाव्या चालीला तुम्ही घोडा फुकट सोडला असेल, तर त्यात ओपनिंगचा काय दोष? इंजिन लावण्याआधी एवढंच शोधा: वहीतून बाहेर पहिल्यांदा कोण पडलं, आणि त्यानंतर मी किती वेळ विचार केला. माझ्या बहुतेक डावांत उत्तर ‘दोन सेकंद’ असं निघायचं.

सरावासाठी डाव पहिल्या चालीपासून सुरू करायची गरज नाही. आठव्या चालीनंतरची स्थिती पटावर मांडा, पंधरा मिनिटांचं घड्याळ लावा आणि मित्राबरोबर एकदा पांढऱ्याकडून, एकदा काळ्याकडून खेळा. मित्र नसेल तर कम्प्युटर चालेल, पण त्याची पातळी खाली आणून. पूर्ण ताकदीच्या इंजिनाशी खेळून मार खाण्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही.