पेटीवर इथिओ-जाझ: पाच सूर धरून ठेवा, मग मिसळा

आधी पेटी काढा. सा पांढरी एक धरा आणि एवढ्याच पट्ट्या वाजवा: पांढरी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी पाच, काळी चार. म्हणजे सा, रे, कोमल ग, प, कोमल ध. शिवरंजनी येत असेल तर अजून सोपं, त्यातला धैवत तेवढा कोमल करा. घाई न करता वर जा, खाली या, आणि खाली येताना कोमल ध वरून प वर आलात की तिथे थोडं थांबा. हा जो रंग खोलीत पसरतो त्याचं नाव तिझिता. अम्हारिक भाषेत तिझिता म्हणजे आठवण, पण नुसती आठवण नाही, जे गेलं त्याची हुरहूर. सुरांच्या या मांडणीलाही तिझिता म्हणतात, त्यात गायच्या गाण्यालाही तिझिताच म्हणतात आणि ते ऐकून मनाचं जे होतं त्यालाही तोच शब्द. इथिओ-जाझ, म्हणजे इथिओपियाच्या पारंपरिक सुरांत जाझ मिसळून झालेलं संगीत, शिकायचं तर सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे, कॉर्ड, सॅक्सोफोन, फंक हे सगळं नंतर.

इथिओपियात अशा मांडण्यांना किन्यित म्हणतात आणि मुख्य किन्यित चार: तिझिता, बाती, अंबासेल, अंचिहोये. सगळे पाच सुरांचे. वर वाजवला तो तिझिताचा मायनर प्रकार, मेजर प्रकार म्हणजे सा रे ग प ध, सरळ भूपाचे सूर. बातीचा मायनर प्रकार म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, आपल्या धानीचे. अंबासेल म्हणजे सा, कोमल रे, म, प, कोमल ध, हे गुणक्रीवाल्यांना लगेच ओळखू येईल. आणि अंचिहोये मात्र वेगळंच प्रकरण आहे: सा, कोमल रे, शुद्ध म, लगेच शेजारचा तीव्र म, आणि शुद्ध ध. पंचम नाहीच! पट्ट्या सांगतो, पांढरी एक, काळी एक, पांढरी चार, काळी तीन, पांढरी सहा. दोन मध्यम एकमेकांना घासून जातात तेव्हा ललितची आठवण येते, पण इथे गंधार नाही, निषाद नाही, त्यामुळे एका सुरावरून दुसऱ्यावर मोठी उडी मारावी लागते आणि प्रत्येक उडीला पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा चुकीची पट्टी दाबली असं वाटून तीनदा परत बघितलं. एक लक्षात ठेवा, क्रार किंवा मासिंको या तिकडच्या तंतुवाद्यांवर हे सूर पेटीच्या पट्टीवर तंतोतंत बसत नाहीत, थोडे इकडेतिकडे असतात, म्हणून पेटीवर सूर शोधा पण कान मूळ रेकॉर्डिंगवरच तयार करा.

सूर सारखे म्हणजे राग सारखा, असं मात्र धरून चालू नका. भूपात तुम्ही ग वर, ध वर कसं बसता, आलापाने कसं उलगडत जाता, ते सगळं इथे बाजूला ठेवायचं. तिझितातली वाक्यं छोटी असतात, बोलल्यासारखी, आणि ती थोड्या फरकाने परत परत येतात. तिकडचे गायक महमूद अहमद यांचा आवाज ऐका, एका स्वरावर थरथरत, घसरत, परत चढत जाणारा, आपल्या मुरकीच्या जवळचा वाटतो पण त्याचा वेग आणि कंप वेगळा आहे. आठवडाभर नुसतं ऐकून तोंडाने म्हणा, मग बोटं आपोआप मागे येतात.

आता मिसळण्याकडे येऊ. इथिओ-जाझ हे नाव आणि ही रीत मुलातू अस्तात्के यांची. जन्म १९४३चा, जिम्मा गावचा. घरच्यांनी वेल्सला इंजिनिअरिंग शिकायला पाठवलं आणि ते संगीताकडे वळले, लंडनला ट्रिनिटी कॉलेजात शिकले, मग बॉस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात, तिथे शिकणारे ते पहिले आफ्रिकन विद्यार्थी. १९६६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी पोर्तोरिकन वादकांबरोबर आफ्रो-लॅटिन सोल या अल्बमचे दोन भाग काढले, काँगा, पियानो आणि वर व्हायब्राफोन, धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, ज्याचा आवाज जलतरंगासारखा रेंगाळतो. त्यांच्यापुढचा प्रश्न होता तोच तुमच्यापुढेही येणार आहे: धुनेत पाच सूर, आणि जाझच्या हार्मनीत बाराच्या बारा. खाली हार्मनी भरली की वरची पाच सुरांची चव मरते. मुलातूंनी मुलाखतींमधून हे खूपदा सांगितलंय की ती चव न घालवता खाली हार्मनी बसवणं हेच खरं काम आहे.

हे काम कसं करायचं ते प्रत्यक्ष बघा, मित्राच्या हातात गिटार किंवा कीबोर्ड द्या. सी म्हणजे आपली पांढरी एक. तिझिता मायनरच्या पाच सुरांतूनच सी मायनर (सा, कोमल ग, प) हा कॉर्ड बनतो आणि ए फ्लॅट मेजर सेव्हनही (कोमल ध, सा, कोमल ग, प) बनतो, बाहेरचा एकही सूर लागत नाही. हे दोनच कॉर्ड आलटून पालटून वाजवत राहा, प्रत्येकी चार चार आवर्तनं, आणि वर धून घ्या. झालं, निम्मा इथिओ-जाझ तुमच्या खोलीत उभा राहिला. अंबासेलला गंमत वेगळी, तिथे सा वर पूर्ण कॉर्डच बनत नाही, म्हणून खाली नुसतं सा-प मोकळं ठेवायचं आणि मधेच डी फ्लॅट मेजर सेव्हन टाकायचा, तोही त्याच पाच सुरांचा. अंचिहोयेत तर एफ मेजर आणि त्याच्या अर्धा सूर वर एफ शार्प मायनर, दोन्ही सापडतात! फक्त एफ मेजर जास्त वाजवलात तर कानाला तेच घर वाटायला लागतं आणि अंचिहोये हातातून जातं, म्हणून मागे सा चा तानपुरा चालू ठेवाच.

आम्ही केलेली चूक सांगतो. आम्ही चार मित्र, दर रविवारी जमायचो, गिटारवाल्याने जाझचा नेहमीचा दोन-पाच-एक घातला, म्हणजे शेवटी सी मायनरवर यायच्या आधी जी सेव्हन. त्या जी सेव्हनमध्ये शुद्ध नि आहे आणि शुद्ध म आहे, दोन्ही तिझितात नाहीत. वाजवताना आम्हाला फार भारी वाटत होतं, घरी येऊन फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं तर कुठल्यातरी जुन्या सिनेमातलं गाणं वाटत होतं, अदीस अबाबाचा मागमूस नाही. त्या एका शुद्ध निषादाने सगळं धुऊन नेलं होतं. पुढच्या रविवारी जी सेव्हन काढला, तिथे नुसते जी आणि डी, म्हणजे प आणि रे, ठेवले, आणि ती हुरहूर लगेच परत आली, आम्ही चौघंही वाजवता वाजवता एकमेकांकडे बघायला लागलो. बाहेरचा सूर अजिबात नकोच असं नाही, पण तो मधल्या आवाजात जाता जाता लागू दे, धुनेच्या डोक्यावर नको आणि ज्या जागी वाक्य संपतं तिथे तर नकोच.

तालाचं म्हणाल तर दोन रस्ते आहेत. एक चिकचिका, इथिओपियाच्या उत्तर भागातला धावता सहाचा ठेका, जो तीन-तीनमध्येही मोजता येतो आणि दोन-दोनमध्येही, आणि ऐकणारा त्या दोन्हींच्या मधे झुलत राहतो. ढोलकीवर जलद दादरा वाजवणाऱ्याला तो पकडायला फार वेळ लागू नये, फक्त तबल्याची भरगच्च उठाण, तिहाई वगैरे आवरायची, ठेका तासभर जसाच्या तसा चालला पाहिजे. दुसरा रस्ता म्हणजे चारचा, फंक-सोल-लॅटिनवाला, मुलातूंच्या सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच रचना याच रस्त्याने जातात. बास मात्र दोन्हीकडे गोल गोल फिरणारा हवा. सहाच्या ठेक्याला हा एक करून बघा: पहिल्या मात्रेला सा, तिसरीला खालचा प, चौथीला खालचा कोमल ध, सहावीला परत प. कंटाळा येईपर्यंत वाजवा, मग अजून दहा मिनिटं.

वाद्यांचा आवाज हा अर्धा मसाला आहे. वाह-वाह पेडलवरची गिटार, जुना ऑर्गन, थोडे खरखरीत सॅक्सोफोन. आणि पेटीवाल्यांनी हायलू मेर्गिया यांना ऐकल्याशिवाय पुढे जाऊच नये. वालियास बँडचे कीबोर्डवादक, १९७७चा त्यांचा चे बेलेव हा अल्बम प्रसिद्ध. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बँड अमेरिकेला गेला आणि ते तिकडेच राहिले. १९८५ साली त्यांनी एकट्याने एक कॅसेट केली, अकॉर्डियन, मूग सिंथेसायझर, इलेक्ट्रिक पियानो आणि ड्रम मशीन. भात्याचं वाद्य, ज्यावर ते लहानपणी शिकले, आणि त्याच्याखाली मशीनचा टकटक ठेका, इतकं एकाकी आणि इतकं मायेचं संगीत मी फार कमी ऐकलंय. पुढे ते वॉशिंग्टनमध्ये टॅक्सी चालवायचे, डिकीत कीबोर्ड ठेवलेला असायचा, विमानतळावर गिऱ्हाइकाची वाट बघताना काढून रियाज करायचे. २०१३ला ती कॅसेट परत निघाली, जगभर पोचली, आणि २०१८ला लाला बेलू हा नवा अल्बम आला. तेव्हा पेटीवर प्रयोग करताना वेगळा आवाज कुठून आणू याची काळजी नको, भाता आणि रीड आपल्याकडेही आहेच, फक्त भाता एकसारखा न मारता वाक्याबरोबर श्वास घेतल्यासारखा मारा.

सॅक्सोफोनवाला मित्र असेल तर त्याला गेताच्यू मेकुर्या ऐकवा. युद्धाला जाताना वीर जी ललकारी द्यायचे, शेलेला, ती त्यांनी सॅक्सवर आणली. फुंकीत माणसाचा आवाज आहे, ओरडणं, हुंकार, गुरगुर सगळं. २००६ला या वयस्क माणसाने हॉलंडच्या द एक्स या पंक बँडबरोबर अल्बम केला, आणि तो इतका बसतो कारण पंकवाल्यांनी गिटारवर कॉर्डची सजावट केली नाही, ठोकळ ठेका धरला आणि धून मोकळी सोडली. मिसळण्याचा हा धडा मला सगळ्यात उपयोगी पडला.

कोणी म्हणालं की तुम्ही त्यांचं संगीत बिघडवताय, तर त्यांना सांगा की ते मुळातच मिसळून वाढलंय. १९२४ साली रास तफारी, म्हणजे नंतरचे सम्राट हायले सेलासी, जेरुसलेमहून चाळीस अनाथ आर्मेनियन मुलांना ब्रास बँडसाठी अदीसला घेऊन आले, त्यांचे संगीतशिक्षक होते केवोर्क नालबंदियन. तिथून लष्कराचे, पोलिसांचे, शाही अंगरक्षकांचे बँड वाढले आणि त्याच बँडांमधून पुढचे गायक-वादक तयार झाले. १९६९ला आम्हा एशेते यांनी सरकारी मक्तेदारी मोडून स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मग १९७४ला राजवट उलथली, दर्ग ही लष्करी राजवट सत्तेवर आली, रात्रीची संचारबंदी लागली आणि क्लबांमधलं रात्रीचं जग बंद पडलं, कित्येक कलाकार देश सोडून गेले. १९९७पासून फ्रान्समध्ये एथियोपिक्स ही मालिका निघाली म्हणून आपल्यापर्यंत हे सगळं आलं, चौथा भाग पूर्ण मुलातूंचा, तिथूनच ऐकायला लागा.

आपल्या गोष्टी मिसळताना एका वेळी एकच मिसळा. तबला आणलात तर सतार नको, बोलआलाप आणलात तर कॉर्ड कमी करा. आणि रेकॉर्डिंग कुठे टाकलंत तर किन्यितचं नाव लिहा, ज्याची धून घेतली त्याचं नाव लिहा, "अफ्रिकन फ्यूजन" एवढंच लिहून मोकळे होऊ नका.

या आठवड्यापुरतं इतकंच करा: तिझिता मायनर, खाली सा चा तानपुरा, सहाचा ठेका फोनवर लावून रोज वीस मिनिटं, चार सुरांचं एक वाक्य घ्या आणि तेच वाक्य वेगवेगळ्या जागी थांबवून बघा. अंचिहोये पुढच्या महिन्यात, त्याला कान तयार लागतो.