सोर्स कंट्रोल घ्यायचं ठरलं. आधी काय काय आवरायचं

कोथरूड-कर्वेनगरच्या टू बीएचकेत बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या चार-पाच जणांच्या टीमला सोर्स कंट्रोल (कोडमधला प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद ठेवायची सोय) कशाला हवं, याचं उत्तर त्यांच्याच शेअर्ड फोल्डरमध्ये सापडतं. ‘बिलिंग_फायनल’, ‘बिलिंग_फायनल_नवीन’, ‘बिलिंग_जीएसटी_हेच_वापरा’ आणि शेजारी नुसती तारीख टाकलेली एक झिप. “आम्ही लहान आहोत, हाक मारली की काम होतं” म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की भोसरीच्या क्लायंटच्या कारखान्यात आत्ता यातलं कुठलं चालू आहे? छातीठोकपणे सांगता आलं तर पुढचं वाचू नका.

म्हणून पहिलं काम गिट (सोर्स कंट्रोलचं सगळ्यात रुळलेलं टूल) टाकायचं नाही, खरी प्रत शोधायचं. क्लायंटवार तक्ता करा: कोणाकडे कुठली एक्झी (चालवायची तयार फाइल) आहे, तिच्यावरची तारीख काय, शेवटचा हात कोणी लावला. मग जो कोड खरा वाटतोय त्याचं बिल्ड करा, म्हणजे त्यातून एक्झी बनवा, आणि क्लायंटकडच्या एक्झीशेजारी लावून एकच बिल दोन्हीकडे काढा. माल तोच, डिस्काउंट तोच. राउंड ऑफमध्ये पैशांचा फरक आला, तर समजा की कोणीतरी क्लायंटच्या ऑफिसात बसून तिथल्या तिथे दुरुस्ती केली आणि ती त्याच्याच लॅपटॉपवर राहिली. तो लॅपटॉप आत्ताच मागून घ्या. त्याचा नोटीस पीरियड संपल्यावर मागण्यात अर्थ नाही. या शोधाला आठवडा लागला तर लागू द्या. माझ्या मते निम्मी तयारी हीच आहे, आणि बहुतेक टीम नेमकी हीच टाळतात. जुन्या झिपा तारखेनुसार एकेक कमिट करून, म्हणजे गिटमध्ये एकेक नोंद म्हणून टाकून, इतिहास उभा करता येतो. पण क्लायंटकडे अजून चालू असलेल्या तेवढ्याच घ्या, बाकीच्यांचा हट्ट सोडा.

पहिल्या कमिटच्या आधी काय आत जाणार नाही ते ठरवा. कॉन्फिग फाइलमधले डेटाबेसचे पासवर्ड, एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली (एपीआय की), क्लायंटच्या डेटाचे बॅकअप, बिल्डचं आउटपुट, हे सगळं बाहेर. काय वगळायचं याची यादी असलेली गिटइग्नोर फाइल आधी लिहायची, कारण एकदा ट्रॅक झालेल्या, म्हणजे गिटच्या नोंदीत आलेल्या फाइलला मागाहून लिहिलेला नियम लागत नाही. पासवर्ड चुकून गेलाच, तर फाइल पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही; जुन्या कमिटमध्ये तो तसाच असतो. तेव्हा आधी पासवर्ड बदला, इतिहासाची साफसफाई नंतर. गिटहब (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची साइट) १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही, त्यामुळे बॅकअप ढकलू पाहणारे तिथे आपसूक अडतात.

मराठी बिलं, मराठी रिपोर्ट असतील तर अजून एक काम. फाइलचं नाव देवनागरीत असलं की गिट स्टेटसमध्ये (बदललेल्या फाइलींच्या यादीत) नावाऐवजी ३४०, २४४ असल्या आकड्यांची माळ दिसते आणि नवखा माणूस घाबरतो. फाइल बिघडलेली नसते; ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ करा, नाव नीट दिसतं. जुन्या फॉन्टातले टेम्प्लेट युनिकोडमध्ये आणायचे असतील तर ते वेगळ्या कमिटमध्ये आणा. नाहीतर डिफमध्ये (आधी-नंतरचा फरक दाखवणाऱ्या यादीत) अख्खी फाइल बदललेली दिसते आणि खरी दुरुस्ती त्यात हरवते.

कुठलं टूल यावर फार खल नको. गिट लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिनक्स कर्नलसाठी केलं, म्हणून ते मोठ्यांचंच असं काही नाही. २०२०पासून गिटहबवर टीमला खासगी रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवायची जागा) फुकट मिळतात. शिवाय पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या मशीनवर असतो, त्यामुळे गुरुवारी लाईट जाऊन राउटर बंद पडला तरी लॅपटॉपवर कमिट होतं, पुश (ते गिटहबवर चढवणं) संध्याकाळी.

नियम थोडेच ठेवा. ‘चेंजेस’ हा कमिट मेसेज चालणार नाही. ‘परतीच्या बिलात सीजीएसटी दोनदा लागत होता, दुरुस्त’ असा हवा, मराठीत बेलाशक लिहा. कमिट लहान ठेवा. पुढे एखादा बग नेमका कधी शिरला हे शोधताना गिट बायसेक्ट (इतिहास निम्मा-निम्मा करत शोधणारी कमांड) हजार कमिटमधून साधारण दहा तपासण्यांत दोषी कमिट काढतं, पण तो कमिट अवाढव्य असेल तर सापडूनही उपयोग नाही. क्लायंटकडे एक्झी गेली की त्या कमिटवर क्लायंटच्या नावाचा आणि तारखेचा टॅग (खूणचिठ्ठी), यात सूट नाही. ब्रांचच्या, म्हणजे कोडच्या समांतर फांद्यांच्या, नकाशांचं काम हिंजवडीच्या मोठ्या आयटी कंपन्यांना करू द्या. एक मुख्य ब्रांच (मेन) आणि दोन दिवसांत तिच्यात मर्ज होणाऱ्या, म्हणजे मिसळणाऱ्या, छोट्या ब्रांच तुम्हाला पुरतात. आणि खरा कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोघांचे वेगवेगळे बदल) यायच्या आधी दोघांनी मुद्दाम एकच ओळ बदलून, चहा पीत तो सोडवून बघा.

मुहूर्त महिन्याच्या २० तारखेनंतरचा धरा. जीएसटीआर-३बी या दरमहाच्या जीएसटी रिटर्नच्या गडबडीत फोन वाजत असताना कोणी नवं काही शिकत नाही. गणपतीतही नको, निम्मी टीम कोकणात असते. सुरू केलं त्याच दिवशी एका कोऱ्या मशीनवर रेपोची पूर्ण प्रत उतरवून (क्लोन करून) बिल्ड करून बघा. कुठली तरी डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) राहिलेली असतेच. मग जुनं शेअर्ड फोल्डर रीड-ओन्ली करा, पण ३१ मार्च उलटेपर्यंत पुसू नका. वर्षअखेरीला कोणाला तरी जुना रिपोर्ट हवा असतो आणि तो नेमका त्या झिपमध्येच निघतो.