कुत्र्यासाठी घरी जेवण बनवताय? या चुका टाळा

आमचा बंड्या चार महिन्यांचा असताना पुढच्या पायाने लंगडायला लागला. उडी मारताना लचकला असेल, म्हणून दोन दिवस आम्ही पाय चोळत बसलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तर हाडं इतकी फिकट की आजूबाजूच्या मांसातून नीट उठूनच दिसेनात. त्यांनी पहिलं विचारलं, "खायला काय घालता?" मी अगदी कौतुकाने सांगितलं, "रोज ताजं. भात आणि बोनलेस चिकन." चूक तिथेच होती.

चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर असतो आणि कॅल्शियम त्याच्या दहाव्या भागाइतकंही नसतं. कुत्र्याला मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. जेवणातून मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. घरच्या जेवणातली ही मोठी चूक आहे. उपाय स्वस्त आहे: अंड्याची टरफलं धुवायची, उकळायची, वाळवायची आणि मिक्सरमध्ये मैद्यासारखी बारीक दळायची. सपाट अर्धा चहाचा चमचा पुडीत साधारण १ ग्रॅम कॅल्शियम असतं. १० किलोच्या वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाला जवळपास तेवढंच लागतं. पिल्लांना मात्र अंदाजाने देऊ नका. लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं जास्त कॅल्शियमनेही बिघडतात.

शिवाय टरफलाने झिंक, आयोडीन, ड जीवनसत्त्व मिळत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता. म्हणून रोजचं जेवण घरचंच द्यायचं असेल, तर पाककृती आणि पूरक पावडर डॉक्टरांकडून त्याच्या वजनाप्रमाणे ठरवून घ्या.

दुसरी चूक आपल्या पातेल्यातली. "आमटीतला भात थोडासा घातला तर काय होतंय?" कांदा-लसूण शिजवला, वाटला, तळला तरी त्याचा विषारीपणा जात नाही. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, म्हणजे दोनेक मध्यम कांदे बाधू शकतात, आणि रोज थोडाथोडा पोटात गेला तरी त्रास साठत जातो. लक्षणं लगेच दिसत नाहीत. तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. चिंचही टाळा. द्राक्षं, मनुका, बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि त्यासाठी संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून चिंच-गुळाची आमटी नकोच. कुत्र्याचा कुकरचा डबा वेगळा लावा. फोडणी नाही, मीठ नाही.

रविवारच्या मटणाची नळी टाकायचा मोह आवरा. शिजलेलं हाड तडकून त्याच्या अणकुचीदार काटक्या होतात आणि आतडं फाडतात. कोंबडीची कातडी, रश्श्यावरचा तेलाचा तवंग, दिवाळीची चकली यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. नुसत्या पोळी-दुधावर ठेवलेल्या कुत्र्याला प्रथिनं पुरत नाहीत, आणि वाढ पूर्ण झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दूध पचतही नाही. कलेजी त्यांना फार आवडते, पण रोज वाटीभर दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठतं. आठवड्यातून एक-दोनदा चार तुकडे पुरे.

जेवण बदलल्यावर जुलाब लागले तर बहुतेकदा घाई झालेली असते. जुन्या खाण्यात पाव हिस्सा नवं मिसळून सुरुवात करा आणि सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला. शी पांढरी, खडूसारखी भुसभुशीत होत असेल तर हाडं किंवा टरफलाची पूड जास्त झाली आहे. केस गळणं, मलूल पडणं, वजन उतरणं दिसलं तर डॉक्टरांना जेवणाचा पूर्ण हिशेब सांगा, मधली बिस्किटं धरून. शिजवलेलं तीन दिवसांच्या वर फ्रिजमध्ये ठेवू नका. उन्हाळ्यात ताटलीत उरलेलं तासाभरात उचला.

आणि चुकून कांदा, मनुका किंवा चॉकलेट पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट बघू नका. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, जास्तीच्या मिठानेच जीव जाऊ शकतो. काय, किती आणि किती वाजता खाल्लं ते लिहून घ्या आणि तडक डॉक्टर गाठा.