बेदाण्याची पेटी आणि हिशेबाची वही

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीची सुट्टी संपवून पुण्याला निघाले तेव्हा एसटीत माझ्यासोबत बेदाण्याची १५ किलोची पेटी होती. आमचं गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग घरची, अण्णांची म्हणजे माझ्या वडिलांची, त्यामुळे माल घरचाच. हॉस्टेलवर पाव किलोची पाकिटं करायची आणि ७५ रुपयांना एक विकायचं, असा बेत. साठ पाकिटं म्हणजे ४,५०० रुपये, आणि ते सगळे माझे, असं मी धरून चालले होते.

पेटी खपली. पुढच्या खेपेला घरी गेल्यावर मी आनंदाने आकडा सांगितला. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "अण्णांनी ही पेटी सौद्यात लावली असती तर काय आलं असतं, ते आधी लिही."

त्या आठवड्यात सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, आमच्या प्रतीच्या मालाला किलोला १८० रुपये दर निघाला होता. म्हणजे २,७०० रुपये अण्णांचे. मग वही घेऊन बसले. काड्या आणि खराब मणी निवडण्यात तीन पाकिटांचा माल गेला होता. वजन झुकतं भरल्याने दोन पाकिटं कमी झाली. तीन चव बघायला वाटली. विकली गेली ५२, त्यांचे ३,९०० आले. त्यातून अण्णांचे २,७००, पाऊच आणि स्टिकरचे ३०० आणि पेटी आणण्याचे १५० वजा केले. उरले ७५०, आणि त्यात माझ्या चार संध्याकाळींची मजुरी धरलेलीच नव्हती.

शिकता शिकता धंदा सुरू करायचं मनात असेल, तर माझं पहिलं सांगणं हेच: घरचा माल, मित्राची गाडी, वडिलांचा गाळा यातलं काहीही फुकट धरू नका. बाजारभावाने मांडा. आपला धंदा स्वतःच्या पायावर उभा आहे की घरच्यांच्या खिशावर, ते तेव्हाच कळतं. तेव्हापासून प्रत्येक पेटीचं मी वहीत वेगळं पान ठेवते, आणि अण्णांचे पैसे आधी त्यांच्या खात्यात जातात.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. पहिली पाकिटं मैत्रिणींनी प्रेमापोटी घेतली. त्यावरून माल चालतो असं समजू नका. परत मागायला कोण येतं, ते मोजा. माझ्याकडे पुन्हा आल्या त्या हॉस्टेलजवळच्या सोसायटीतल्या काकू, घरात लहान मुलं असलेल्या. पण त्यांच्या मनात एक शंका होती: "एवढा हिरवा कसा? रंग लावलाय का?" मला सुरुवातीला राग यायचा. मग मी शेडमधले फोटो दाखवायला लागले. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढायचे, मग सावलीत जाळ्यांवर पंधरा दिवस वाळवायचे. उन्हात वाळवला की तोच माल तपकिरी पडतो. गंधकाची धुरी देतात, तेही लपवलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल या भीतीने सुरुवातीला शेतकरी तो घेईनात. किर्लोस्करवाडी आमच्या भागातलीच, त्यामुळे ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. तिचा अर्थ मला त्या काकूंनी समजावला.

पावसाळ्यात मात्र मोठा फटका बसला. तीन पेट्या एकदम आणून खोलीत ठेवल्या. पातळ पाऊच, दमट हवा. ऑगस्टमध्ये माल चिकट झाला, काळा पडला. एकोणीस जणींचे पैसे मी घरोघरी जाऊन परत केले. शिष्यवृत्तीचे पैसे त्यात गेले, फार रडले. पण त्या एकोणीसपैकी बहुतेक जणी आजही माल घेतात. आता माल गावाकडच्या कोल्ड स्टोरेजमध्येच राहतो, एका वेळी एकच पेटी येते आणि पाऊच जाड, झिपचा असतो.

कागदपत्रांना घाबरू नका. खाण्याची वस्तू विकायची तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवीच. छोट्या व्यवसायाची प्राथमिक (बेसिक) नोंदणी मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क होतं. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि आपला पत्ता छापा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर मेसचं बिल आणि मालाचे पैसे एकमेकांत मिसळतात. हॉस्टेलच्या रेक्टरना आधी विचारा. मी विचारलं नव्हतं आणि एकदा सगळा माल खाली ऑफिसात जमा झाला.

कर्ज शिकत असताना घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अठरा वर्षं पूर्ण झालेल्याला अर्ज करता येतो. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन माहिती जरूर घ्या, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं एखादं प्रशिक्षणही करा. पण हप्ता आणि सेमिस्टर एकाच महिन्यात आले की दोन्हीकडे ओढाताण होते.

कॉलेजच्या ई-सेलमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या उद्योजकता मंडळात, मला बक्षीस मिळालं नाही, पण लेबल करून देणारी मैत्रीण तिथेच भेटली. तिला मी पहिल्या दिवसापासून लेबलमागे पैसे दिले.

परीक्षेच्या महिनाभर आधी मी नवी पेटी आणत नसे. काकूंना आधीच निरोप जायचा, "पेपर २० तारखेला संपतायत, मग आणते." त्या थांबायच्या. एक काकू तर शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी फोन करून आधी पेपर कसा गेला ते विचारायच्या, मग दोन पाकिटं सांगायच्या.