चवथीच्या ऑर्डरी घ्यायच्या आधी

घरी नेवऱ्या-लाडू करून विकत असाल तर चवथीला (गणेश चतुर्थीला) महिना असतानाच खालच्या तयारीला बसा. आठवडा राहिल्यावर यातलं काहीच होत नाही, तेव्हा हात पिठात असतात.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग, म्हणजे तुमच्या पदार्थांची फोटोंसकट यादी, भरा आणि दर लिहाच. दर नसला की प्रत्येक जण "किलो कितीला?" विचारतो आणि नेवऱ्या (करंज्या) तळायच्या सोडून उत्तरं देत बसावं लागतं. लेबलवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा नोंदणीचा, १४ अंकी नंबर हवा.

आता जे चुकवायचं नाही ते. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह असला पाहिजे. त्याचा नंबर तुमच्याकडे असून भागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज सगळ्यांना वेगवेगळा पाठवायची जी ब्रॉडकास्ट लिस्ट असते, तिच्यात २५६ जण घालता येतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. गेल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. यादी भरली, मेसेज सोडला, आणि ऑर्डरी येणारच म्हणून गूळ, रवा, खोबरं भरून ठेवलं. फोन मोजकेच आले. चवथ झाल्यावर म्हापशाच्या बाजारात जुनी गिऱ्हाइकं भेटली, म्हणाली, "यंदा तुम्ही करत नाही असंच वाटलं, दुसरीकडे सांगितलं." वर्षानुवर्षं माझ्याकडून नेणारी माणसं. अजून जिवाला लागतं.

म्हणून डबा हातात देतानाच सांगा, नंबर सेव्ह करा, आणि ते करेपर्यंत थांबा. संकोच नको. लेबलवर क्यूआर कोड छापला म्हणून निर्धास्त राहू नका. त्यानं चॅट उघडतं, नंबर सेव्ह होत नाही. आधी एक साधा मेसेज पाठवून बघा. मेसेजच्या माहितीत कोणाकोणाला पोचला ते दिसतं. ज्यांची नावं तिथं नाहीत त्यांना फोन लावा.

गूगल मॅपवरची तुमच्या जागेची पिन दारात उभं राहून स्वतः लावा. आपल्याकडे गोव्यात पत्ता म्हणजे वाडा (गावातली वस्ती) आणि देऊळ, घर नंबरावरून कोणी येत नाही. धंदा खरा आहे याच्या व्हेरिफिकेशनला गूगल बहुतेकदा दुकानाचा व्हिडिओ मागतं, त्यात दिवस जातात.

फेसबुकची जाहिरात अख्ख्या गोव्याला लावू नका. त्या भागात नुकतेच येऊन गेलेलेही त्यात धरले जातात, म्हणजे कळंगुटला उतरलेल्या पर्यटकांवर तुमचे पैसे जाणार. फोंडा, डिचोली असं जिथं डबे पोचवता येतात तेवढंच वर्तुळ ठेवा.

ऑर्डरची शेवटची तारीख मेसेजच्या पहिल्या ओळीत. अर्धे पैसे आधी. चवथीला बंद असाल तर गूगलवरच्या वेळा बदला. रिव्ह्यू दुसऱ्याच दिवशी मागा, नंतर कोणी लिहीत नाही.

आणि मुख्य मेसेज सोडण्याआधी परत ती यादी काढा: नंबर सेव्ह केलाय का? माझ्या यादीतले चौदा जण अजून राहिलेत. आज संध्याकाळी त्यांनाच फोन.