लक्षद्वीपला जाताय? आधी पाण्याचं बघा

परमिट, कोचीहून अगत्तीचं विमान नाहीतर जहाज, स्नॉर्केलिंगचा मास्क याबद्दल सांगणारे ढीगभर भेटतील. पाण्याचं कुणी सांगत नाही. म्हणून ही तयारी तिकिटं काढायच्या आधीपासूनची.

लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी वस्ती फक्त दहा बेटांवर आणि सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर. नदी नाही, ओढा नाही. वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो पोवळ्याच्या वाळूतून सरळ खाली झिरपतो आणि खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा गोड्या पाण्याचा थर धरतो. विहिरींना लागतं ते हेच पाणी. पोहऱ्याने वरवरचं काढलं तर साय शाबूत राहते. मोठा पंप लावून ओढलं की खालचं खारं वर येतं. मग टँकर मागवायचा तर शेजारचं गाव समुद्रापलीकडे.

म्हणून पहिलं काम, तारखा नीट निवडा. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात विहिरींना भरपूर पाणी असतं. जानेवारीपासून पाऊस जवळजवळ नसतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत बरंच पाणी मचूळ होतं. आपल्याला सुट्ट्या तेव्हाच मिळतात हे खरं, पण दिवाळीत जमत असेल तर दिवाळीतच जा.

दुसरं काम फोनवर. होमस्टेच्या मालकांना एसी आहे का हे विचारण्याआधी चार गोष्टी विचारा: पिण्याचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटचं की विहिरीचं, आंघोळीचं कुठलं, छपरावरचं पावसाचं पाणी साठवायची टाकी आहे का, आणि वीज गेली तर पाणी कसं मिळतं. शेवटचा प्रश्न टाळू नका. २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने कवरत्तीत दिवसाला एक लाख लिटरचा प्लांट उभारला आणि मग इतर बेटांवरही तसे प्लांट झाले. साडेतीनशे मीटर खोलवरून थंड पाणी वर आणायचं, निर्वात टाकीत वरच्या कोमट पाण्याची वाफ करायची आणि त्या थंडाव्याने ती वाफ पुन्हा पाणी करायची, अशी युक्ती. पाणी तापवायला इंधन लागत नाही, पण पंपांना वीज लागते आणि बेटांवरची बरीचशी वीज डिझेलवर. डिझेल येतं जहाजाने. म्हणजे तुमच्या ग्लासातलं पाणीही एका अर्थी जहाजानेच आलेलं. चवीला ते सपक लागेल. बिघडलेलं नाही, त्यात क्षारच कमी असतात.

आता बॅग. माणशी एक लिटरची स्टीलची बाटली, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग मागे राहणार नाही. ओआरएसची पाकिटं आणि क्लोरीनच्या गोळ्या घ्याच. बेटावर सेप्टिक टँक आणि विहीर लांब ठेवायला जागाच अपुरी, त्यामुळे विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नका. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही. उलट थोडा वाढतोच. घरात कुणाला रक्तदाबाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर त्यांच्यासाठी प्लांटचं पाणी आधीच सांगून ठेवा.

साबणाची वडी नेऊ नका, मचूळ पाण्यात तिला फेस येत नाही, अंगावर नुसता चिकटा राहतो. लिक्विड साबण बरा, तोही बेताचा, कारण मोरीतून गेलेलं सगळं त्याच वाळूत जिरतं आणि विहीर तर पलीकडेच आहे. केसांना समुद्रात उतरण्याआधी खोबरेल चोपडा, मग शाम्पू कमी लागतो. जीन्स घरीच ठेवा. लवकर वाळणारे पातळ कपडे घ्या आणि सुट्टीत कपडे धुवायचेच नाहीत असं ठरवूनच निघा.

आंघोळ बादली-मगानेच. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात, बादलीत पंधरा लिटरमध्ये डोक्यापासून न्हाणं होतं. समुद्रातून दिवसातून तीनदा आलात म्हणून तीनदा गोडं पाणी अंगावर घ्यायचं कारण नाही. संध्याकाळी एकदाच. मास्क आणि फिन्स नळाखाली धरायचे नाहीत; एका बादलीत सगळ्यांचे बुचकळा आणि तेच पाणी संडासात टाका. पोरांना हे निघण्याआधीच सांगा, तिथे गेल्यावर ती ऐकणार नाहीत. डायपर, सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स यांतलं काहीही कमोडमध्ये नको. वेगळी झाकबंद पिशवी न्या आणि परत आणा.

तिथे एखाद्या विहिरीपाशी थोडा वेळ काढा. भरती-ओहोटीबरोबर आतली पातळीही हलकेच वरखाली होते, आणि समुद्र किती जवळ आहे हे मुलांना दाखवायला याहून सोपं काही नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय पंपाच्या बटणाला मात्र हात लावू नका. दहा-बारा जणांचा ग्रुप असेल तर एकाच घरात न राहता दोन-तीन घरांत विभागून राहा, एकाच विहिरीवर सगळ्यांचा भार नको. परतीच्या दिवशी ओले, वाळूचे कपडे तसेच पिशवीत भरा. कोचीला लॉन्ड्री आहे.